आजीची नक्कल

मुलांच्या हाडांच्या त्या दवाखान्यात तळमजल्यावर एक लांब, अरुंद पॅसेज होता. त्याच्या एका टोकाला एक्स-रेची खोली, दुसऱ्या टोकाला एक स्टूल आणि त्या स्टुलावर चालबाई. तिचं खरं नाव कोटावरच्या पट्टीवर होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. पोरांची चाल बघते ती चालबाई, संपलं. डॉक्टरसुद्धा आयांना सांगायचे, "आधी चालबाईंना दाखवून या, मग बोलू."

तिचे नियम ठरलेले होते. बूट-मोजे बाहेर काढायचे. पँट गुडघ्याच्या वर दुमडायची, फ्रॉक असेल तर कमरेत खोचायचा. आईने पॅसेजच्या पलीकडच्या टोकाला उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. "सरळ चाल हं बाळा, पाय नीट टाक," असं एखादीने म्हटलंच, तर चालबाई खेकसायची, "शिकवून आणलेली चाल बघायला मी बसलेली नाही. त्याला त्याचं त्याचं चालू द्या." पोरगं निघालं की ती पाठीमागून बघायची. समोरून सगळीच पोरं गोड दिसतात, असं तिचं म्हणणं. आधी कंबर, मग गुडघे, मग टाचा. अंग एका बाजूला झोकतं का, गुडघे एकमेकांना घासतात का, टाच आधी टेकते की चवडा. मग बाहेर काढून ठेवलेले बूट उचलून उलटे करायचे आणि तळ कुठे झिजलाय ते बघायचं.

बहुतेक पोरांना काहीही झालेलं नसायचं. नुकतं चालायला लागलेलं पोर, पाय धनुष्यासारखे वाकलेले. ते आपोआप सरळ होतात. बालवाडीतली मुलगी, गुडघे चिकटलेले आणि पावलं फाकलेली. तेही सरळ होतं. सपाट तळवे, आत वळलेले पंजे, पळताना धडपडणं, सगळ्याला एकच औषध, ते म्हणजे वय. अशा आयांना चालबाई झाडून काढायची. "शेजारीण म्हणाली? मग शेजारणीलाच दाखवायचं होतं. इथे कशाला आलात?" आया बाहेरून फुरंगटून आणि आतून सुखावून घरी जायच्या. ज्यांना ती झाडायची नाही, खुर्ची पुढे ओढून "बसा" म्हणायची, त्या मात्र पोराला घट्ट जवळ ओढायच्या. पॅसेजमधल्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना ही खूण ठाऊक होती. चालबाई ओरडली तर बरं, खुर्ची दिली तर वाईट.

चालबाईने कधी कुणाला खोटा धीर दिला नाही. "चालबाईच्या जिभेला हाड नाही," असं वॉर्डातल्या नर्स म्हणायच्या, पण स्वतःच्या भाचरांना घेऊन तिच्याकडेच यायच्या.

आणि एक प्रश्न ती प्रत्येकाला विचारायची, पोराला काही असो की नसो. "घरात कुणी लंगडतं का?"

लोक गडबडायचे. नाही म्हणायचे, मग जरा वेळाने दारातून परत यायचे. "म्हणजे, हिची एक मावशी जराशी..."

"जराशी काय? लंगडते की नाही? आणि पडली होती, मुरगळला होता, हे मला सांगू नका. पहिलं पाऊल टाकलं तेव्हापासून आहे का, ते विचारून या." लोक घरातलं लंगडेपण झाकतात, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

आता गंमत अशी, की चालबाईची आई लंगडत होती.

आईचा डावा पाय आखूड होता. डाव्या पायावर भार आला की तिचं सगळं अंग डावीकडे झोक घ्यायचं, मग सावरायचं, मग पुन्हा झोक. ती लहानपणी भिंतीवरून पडली होती, अशी घरात गोष्ट होती, आणि ती आई स्वतः फार रंगवून सांगायची. शेजारच्या अंगणातली फळं चोरायला चढली, वरून कोसळली, मांडीचं हाड मोडलं, ते कुणीतरी वेडंवाकडं बसवलं. पण मुठीतलं फळ म्हणे तिने सोडलं नाही. पोरांनी शंभरदा ऐकलेली गोष्ट. फळाचा भाग आला की सगळी एका सुरात म्हणायची, "आणि मग तिथेच बसून खाल्लं!" चालबाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पडण्याच्या गोष्टींवर संशय घेतला, ह्या एका गोष्टीवर कधी घेतला नाही. आईच्या गोष्टीवर कोण संशय घेतं?

चालबाईने लग्न केलं नव्हतं. ती आणि आई वरच्या मजल्यावर राहायच्या, आणि त्याच इमारतीत खाली धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची एकुलती एक ठकी. भाऊ टायरच्या दुकानात, भावजय एका शाळेच्या ऑफिसात. त्यामुळे ठकी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आजीच्या ताब्यात. ठकी चालायला लागली तीच मुळी उशिरा. गुटगुटीत आहे, अंग उचलत नसेल, असं सगळे म्हणाले. बोलायला मात्र लवकर लागली, आणि बोलण्याच्याही आधी नकला करायला.

पहिली नक्कल आजीची. एक हात गुडघ्यावर, दुसरा कमरेवर, "अगं आई गं" असा सुस्कारा, आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो झोक. हुबेहूब. पाहुण्यांची हसून हसून मुरकुंडी वळायची, आणि सगळ्यांत जास्त हसायची आजी. "कार्टीने माझं सोंग काय वठवलंय बघा!" म्हणून ठकीच्या गालाचा मुका घ्यायची. कुणीही घरी आलं की फर्माईश व्हायची, ठके, आजी करून दाखव.

भावजयीला तेवढं हसू येत नसे. एका संध्याकाळी चालबाई दवाखान्यातून येऊन जिन्यात चपला काढत होती, तेवढ्यात ती वर आली. भावजय कमी बोलणारी, त्यातून नणंदेचा धाक.

"ताई, हिचा डावा पाय जरा बघता का? नक्कल करत नसते तेव्हाही मला तसंच वाटतं कधी कधी."

चालबाई दमली होती. दिवसभर त्याच त्या शंका ऐकून तिचे कान किटले होते. "अगं, दिवसभर आईच्या मागे मागे असते. जे बघणार तेच करणार. तुम्ही सगळे टाळ्या पिटता, मग तिला काय, चेव येतो. हसायचं बंद करा, आपोआप सोडेल."

"पण बघितलं असतं एकदा..."

"माझ्यापुढून दिवसाला किती पोरं जातात माहीत आहे ना तुला? काही असतं तर माझ्या नजरेतून सुटलं असतं का?"

भावजय "बरं" म्हणून खाली गेली. ठकीला त्या दिवशी कुणी पलंगावर निजवलं नाही, पाय दुमडून बघितले नाहीत, पाठीमागून चालताना बघितलं नाही. जिन्यात, एक चप्पल पायात आणि एक हातात असताना निकाल लागला. पॅसेजमध्ये कुठल्या आईला चालबाईने असं वाटेला लावलं नसतं.

पुढे वर्ष उलटून गेलं. एका रविवारी भावाकडे भावजयीचे आईवडील आणि आणखी चार माणसं आली होती. चहा झाला, आणि ठकीचा कार्यक्रम सुरू झाला. आधी आजी. मग बाबा, टायर लोटत नेताना. मग खालचा वॉचमन, काठी आपटत. मग ठकीने आत्याची पर्स खांद्याला अडकवली, हनुवटी वर केली, आणि तरातरा चालत सुटली. "बूट काढा! तोंड बंद! शेजारणीला दाखवा!"

हसण्याचा नुसता धुमाकूळ झाला. चालबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ठकी तशीच पाठमोरी होऊन स्वयंपाकघराकडे निघाली, आणि चालबाई हसता हसता म्हणणार होती, अगं, माझी नक्कल करतेस की आजीची? मी कुठे लंगडते?

ते वाक्य तिने उच्चारलं नाही. तिचं हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं, नुसतं थिजलं.

"ठके," ती म्हणाली, "पुन्हा बाबा करून दाखव."

ठकीने बाबा केले. डावीकडे झोक.

"आता वॉचमन."

डावीकडे झोक. काठी उजव्या हातात, आवाज वॉचमनचा, मान वॉचमनची, आणि कंबर आजीची.

"आता नुसती पळत जा बघू दारापर्यंत. कुणाचीच नक्कल नको." पळतानाही तोच झोक. "आता बगळा हो. एका पायावर."

उजव्या पायावर ठकी ताठ उभी राहिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. डाव्या पायावर उभी राहायला गेली, तर उजवी कंबर खाली लोंबली आणि सगळं अंग डावीकडे कलंडलं. ती सोफ्याला धरून खिदळली. पाहुण्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

चालबाईने तिला उचलून आतल्या खोलीत नेलं, पलंगावर उताणी निजवली, दोन्ही गुडघे उभे करून पावलं शेजारी शेजारी टेकवली. डावा गुडघा उजव्यापेक्षा खाली होता. मांड्या बाजूला उघडून बघितल्या. उजवी सहज उघडली, डावी अर्ध्यात अडली. हे एवढंच असतं. मिनिटभराचं काम, आणि त्यात ठकीला गुदगुल्या होत होत्या.

दारात भावजय रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभी होती. चालबाईने पलंगाजवळची खुर्ची पुढे ओढली.

"बस," ती म्हणाली.

भावजय बसली नाही. "मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच ती म्हणाली.

एक्स-रेत सगळं स्वच्छ दिसलं. ठकीच्या डाव्या मांडीच्या हाडाचं टोक खुब्याच्या खोबणीत नव्हतंच. जन्मापासून ते बाहेर सटकलेलं होतं, आणि पोर तशीच उभी राहिली, चालली, नाचली. सर्जन शांतपणे बोलले. चालायच्या आधी सापडलं असतं तर पाय पट्ट्यांनी बांधून भागलं असतं. आता हाड कापून बसवावं लागेल, आणि किती जमेल ते सांगता येत नाही. चालबाईला प्रत्येक वाक्य पाठ होतं. तीच ही वाक्यं सर्जनच्या वतीने इतरांना समजावून सांगायची. मग शेवटी त्यांनी सवयीने विचारलं, "घरात कुणी लंगडतं का?"

भावाने बहिणीकडे बघितलं. "आमची आई. पण ती लहानपणी पडली होती."

चालबाईने एक्स-रे उचलून पुन्हा उजेडासमोर धरला.

त्या संध्याकाळी तिने आईला समोर बसवलं. त्या सुमाराला आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलायची. माणूस तिला ओळखू यायचं ते आवाजावरून आणि कपड्यांच्या रंगावरून.

"आई, तू भिंतीवरून पडलीस तेव्हा किती मोठी होतीस?"

"आता काय आठवतंय."

"त्याच्या आधी सरळ चालत होतीस?"

आई पदराशी चाळा करत राहिली.

"मी कधीच पडले नव्हते गं," ती म्हणाली. "भिंतही नव्हती आमच्या शेजारी. पाय टाकायला लागले तेव्हापासून अशीच. माझ्या आईने ती गोष्ट रचली. जन्माची लंगडी म्हटलं तर कोण करून घेणार, पुढची पोरंही तशीच निपजतील म्हणतात लोक. पडलेली म्हटलं की चालतं. पडलेल्या मुलीचं रक्त चांगलं असतं."

"आणि ते फळ?"

"फळ मी घातलं मागाहून. तुम्हाला आवडायचं म्हणून."

चालबाईला ओरडावंसं वाटलं. माझ्यापासून लपवलंस? माझ्यापासून? ज्या बाईने आख्ख्या गावाला हा एक प्रश्न विचारण्यात केस पांढरे केले, तिच्याच घरात? पण ओरडायचं तरी कुठल्या तोंडाने. गोष्ट खोटी होती हे आईचं पाप, आणि डोळ्यांदेखत लंगडणाऱ्या पोरीला हात न लावता निकाल देणं, ते कुणाचं? तिने आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडली. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली आणि एकच विचारत राहिली, "माझ्यामुळे झालं ना गं? माझ्यामुळेच ना?"

ठकीचं ऑपरेशन झालं. छातीपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत आणि उजव्या गुडघ्यापर्यंत प्लास्टर, पाय फाकलेले, मध्ये काठी. तिला कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची. प्लास्टरच्या आत खाज सुटायची आणि ती रात्रंदिवस किंचाळायची. भावजयीने नोकरी सोडली. वर चहा पाठवायची, औषधाचं विचारायची, सगळं जेवढ्यास तेवढं. पण "ताई" हा शब्द तिच्या तोंडून गेला. नुसतं "तुम्ही". भाऊ मध्ये मध्ये म्हणायचा, "ताई, तू मनाला लावून घेऊ नकोस." त्याने म्हटलं की ते आणखी मनाला लागायचं.

प्लास्टर निघालं तेव्हा ठकीचे पाय काड्यांसारखे झाले होते. तिला पहिल्यापासून चालायला शिकवायचं होतं, आणि ते काम अर्थातच आत्याकडे आलं. पहिल्या दिवशी आत्याने घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं, जे ती पॅसेजमध्ये सगळ्यांना सांगायची तेच, "आता तिचं अंग नव्याने शिकणार आहे. जुनी सवय मोडायची आहे. तिच्या नजरेसमोर नीट चालणारी माणसं असू द्या."

वाक्य तोंडातून गेलं, आणि ते कुणाच्या कानावर पडतंय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आई खुर्चीतून उठेनाशी झाली. ठकी वर यायची त्याच्या आधी ती खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायची आणि ठकी जाईपर्यंत तिथेच. पाणी हवं असलं तरी मागायची नाही. बाथरूमला जायचं असलं तरी दाबून धरायची. ठकी हात ओढायची, "आजी ऊठ ना, आजी चल ना," आणि आजी म्हणायची, "माझे पाय झोपलेत गं, त्यांना उठवू नकोस."

चालबाईच्या लक्षात आलं तेव्हा तिने आकाशपाताळ एक केलं. "आई, हे हाडातलं आहे. बघून लागत नाही. मी चुकीचं बोलले, ऊठ."

"मग आधी का म्हणालीस, बघून करते म्हणून?"

"तिची चाल सुधारली की उठेन," आई म्हणायची. "माझं काय अडलंय. सगळं आयुष्य चाललेच आहे की." बघता बघता तिच्या मांड्या सुकल्या, गुडघे आखडले. मग ठकी नसतानाही उठणं जड जायला लागलं. जिची चाल बघत चालबाई लहानाची मोठी झाली, ती बाई तिच्या डोळ्यांसमोर खुर्चीत आटत चालली, आणि चालबाई रोज सकाळी परक्यांच्या पोरांना चालवायला घराबाहेर पडायची.

ठकीला डाव्या बुटाला उंच, मऊ रबराचा तळ लावून दिला होता. त्याने पावलांचा आवाज होत नसे, आणि आजीच्या डोळ्यांना ठकी म्हणजे इकडून तिकडे जाणारा पिवळा फ्रॉक. त्यामुळे सुधारलं किती, हे आईला कळायचं नाही. ती विचारायची, चालबाई म्हणायची, होतंय हळूहळू.

पण होत नव्हतं. पुढच्या एक्स-रेत दिसलं की बसवलेल्या हाडाच्या टोकाला रक्तच नीट पोचलं नाही, आणि ते चपटं व्हायला लागलंय. सर्जन म्हणाले, दुखणार नाही एवढं बघू. चाल अशीच राहणार. हे तिघांनाच ठाऊक होतं. भावाला, भावजयीला आणि चालबाईला. भावजय त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून बोलली. "आईंना सांगू नका. त्या मग कधीच उठणार नाहीत."

आईने एक दिवस स्वतःच हट्ट धरला. "मला तुझ्या दवाखान्यात ने. ठकीलाही आण. घरात तू मला लेकीसारखी सांगतेस. तिथे त्या स्टुलावर बसून सांग. तिथे तू कुणाचीच गय करत नाहीस म्हणतात."

शेवटी नेलं. चाकाच्या खुर्चीतून आईला पॅसेजमध्ये आणून स्टुलाच्या शेजारी ठेवलं. बाकावर चार आया, त्यांची पोरं, सगळ्यांचे बूट काढलेले. ठकीने फ्रॉक कमरेत खोचला, तिला इथली शिस्त माहीत होती.

"चाल बेटा," चालबाई म्हणाली.

ठकीने मान वळवून विचारलं, "कुणासारखी?"

बाकावरची एक बाई हसली. "तुझ्यासारखी," चालबाई म्हणाली.

ठकी जरा विचारात पडली. मग निघाली, एक्स-रेच्या खोलीच्या दिशेने, अनवाणी. डावीकडे झोक, सावरणं, झोक. भावजय भिंतीला टेकून उभी होती. ती ठकीकडे बघत नव्हती, नणंदेच्या तोंडाकडे बघत होती.

"आहे का गं अजून?" आईने विचारलं.

त्या स्टुलावरून चालबाईने आजवर कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. किती आयांच्या आशेवर तिने पाणी ओतलं होतं, कारण पोराच्या पायापेक्षा आईची आशा मोठी नाही, असं तिचं मत होतं. ते मत आताही बदललं नव्हतं. पण ठकीच्या पायाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि खुर्चीतले दोन पाय अजून उरले होते.

"गेलं," चालबाई म्हणाली. "सरळ चालतेय."

आईने मान आवाजाच्या दिशेने वळवली. "नक्की?"

"मी इथे बसून खोटं बोलते का? आता ऊठ. मला बाकीची पोरं बघायची आहेत."

ते खेकसणं ऐकलं आणि आईचा विश्वास बसला. तिने खुर्चीचे दांडे धरले. चालबाई आणि भावजय दोन्ही बाजूंनी धावल्या, भावजयीने एका काखेत हात घातला आणि दात आवळून म्हणाली, "सावकाश, ताई, डावीकडून धरा." आई उभी राहिली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. अंग डावीकडे झोकलं, सावरलं.

तेवढ्यात ठकी पळत परत आली. "आजीचे पाय उठले!" ती ओरडली आणि आजीचा हात पकडून तिला पॅसेजमधून न्यायला लागली. चालबाई आपल्या जागेवर येऊन बसली, जिथून ती सगळ्यांची चाल बघायची तिथे. पुढे दोघी पाठमोऱ्या जात होत्या. मोठी पाठ डावीकडे झोकली की लहान पाठ डावीकडे झोकायची, मोठी सावरली की लहान सावरायची.

मध्येच ठकीने मागे वळून बघितलं. नक्कल करायची नाही, अशी तिला आता घरात सक्त ताकीद होती, आणि आत्या आपल्याकडे टक लावून बघतेय हे तिने पाहिलं.

"आत्या," ती घाईघाईने म्हणाली, "मी आजीची नक्कल नाही करत आहे हं! खरंच!"

आई थांबली. चालबाईला तिची फक्त पाठ दिसत होती, आणि पाठीवर थोडी घसरलेली शाल. ती परत फिरणार, खुर्चीकडे बोट दाखवणार, असं चालबाईला वाटलं. तिने स्टूल घट्ट धरून ठेवलं.

आईने ठकीचा हात नीट आपल्या हातात घेतला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "चल."

आणि दोघी चालायला लागल्या.